चुलीवरच्या शिंक्यातलं भिंग

हैबती,

सकाळपासून बसतो आहे आणि उठतो आहे. शाळेला सुट्टी लागली, पौडात दुपारी चिटपाखरू नसतं, दौत भरलेली आहे, टाक नवा आहे. तरी दोन ओळी झाल्या की मी अंगणात जाऊन पश्चिमेला बघतो. ढग नाहीत. मग आत येतो, लिहिलेलं वाचतो आणि खोडतो. तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. तू डोंगराकडून खाली उतरायचास, ओसरीवर पागोटं काढून ठेवायचास आणि मागच्या खेपेला भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू करायचास. आता ते पुढं कसं न्यायचं? दोन्ही बाजूंनी मीच बोलायचं म्हटलं, तर तुझी बाजू मला नीट बोलता येत नाही.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलले. ते मी लिहीत नाही. तुला ऐकवलं नसतं. मला ते भिंगच आठवतं. पुण्यात फोटोवाल्याकडं तू काचा धुवायला आणि छापायला होतास, तेव्हाची गोष्ट. जुन्या बाजारातून कागदाच्या पुड्यात बांधून आणलंस आणि शेंगदाणे उघडावेत तसं माझ्यापुढं उघडलंस. पितळेचं लहानसं नळकांडं, दोन टोकांना काच, आणि कडेला जिथं करणाऱ्याचं नाव असायचं तिथं घासून गुळगुळीत झालेलं.

"रुंद काच हाय, मास्तर. उंबऱ्यात उभं ऱ्हायलं तरी समदं घर बघती."

मी म्हणालो, "नाव-गाव नसलेली वस्तू घेतलीस? किती दिवस टिकेल ही?"

"नाव असतं तर मला परवाडली असती व्हय?"

आपलं भांडण तिथं सुरू झालं. मी म्हणत होतो, स्वस्त वस्तू पहिल्या वर्षी चांगली वाटते, खरी परीक्षा चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात. तू म्हणत होतास, वस्तू टिकत नसते, माणूस ती टिकवत असतो. मी पुस्तकातून काढून सांगत होतो, तू हातातून. ते संपलंच नाही.

रुंद काच तुला का हवी होती ते मला तुमच्या गावात आल्यावर कळलं. घरं एकमेकांना खेटून; कुणाच्याही दारापुढून मागं सरकत गेलं की चार पावलांत पाठ समोरच्याच्या भिंतीला लागते. मालकानं टाकून दिलेला तो घडीचा कॅमेरा तू आणला होतास, त्याच्या मूळच्या भिंगाला त्या बोळातून फक्त दार दिसायचं. तुला आढ्यापासून पायरीपर्यंत घर हवं होतं, त्यात ओटा, जातं, गोठ्याची कड आणि घरातलं झाडून सगळं माणूस. तेही एका घराचं नाही, गावातल्या प्रत्येक घराचं. तेव्हा खाली कंपनीचं धरण उभं राहत होतं. मागच्या पावसात पाणी खालच्या भातखाचरांत शिरून बसलं. या पावसात ते वर येणार, हे आता शाळेतलं पोरही सांगतं.

पुण्याहून तू परत आलास तो त्या एका कामासाठी.

आणि मग ते भिंग तू शिंक्यात ठेवलंस! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसावं की ओरडावं कळेना. चुलीवर टांगलेलं शिंकं, त्यात भोपळ्याच्या बियांचा तुंबा, वरईच्या बियाण्याचं गाठोडं आणि त्याच्या शेजारी फडक्यात बांधलेलं भिंग. तुमच्याकडं पावसाळ्यात बियाणं धुरात टांगतात, म्हणजे ओल लागत नाही, बुरशी येत नाही, कीड शिवत नाही. तू काचेलाही बियाण्यात घातलंस.

"अरे, त्या नळकांड्यात दोन-दोन काचा राळेनं चिकटवलेल्या असतात," मी म्हणालो. "चुलीच्या उबेनं राळ सुटेल. पत्र्याच्या डब्यात ठेव, खाली कळीचा चुना घाल, वर झाकण लाव."

"डब्यात कोंडल्याव कुनाला बुरशी येत न्हाई?"

"चुन्यानं ओल ओढून घेतली जाते."

"आन चुना भिजला की? तुमच्या पुस्तकातला पाऊस निराळा दिसतुया. आमच्यात कांबळं खुंटीव वल्लं व्हतं."

यमुनावहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "भावजी, तुमी दोघं भांडा, पर चुलीपासनं सरका. जाळ लागंना झालाय."

पुढच्या वर्षी तू पुण्याला जाऊन आलास आणि ओसरीवर चढण्याआधीच हसायला लागलास. मालकाचं ते महागडं भिंग, मखमल लावलेल्या चामड्याच्या पेटीत ठेवलेलं, ज्याला तुला हातही लावू देत नसत, त्याच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. मखमलीत ओल धरली आणि चामड्यावर बुरशी पोसली. "मखमलीत निजवली न्हवं? तिथंच उगावली," असं म्हणून तू मांडी थोपटलीस. मी तुझं भिंग खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. आत स्वच्छ होतं. ठिपका नव्हता, जाळं नव्हतं. फक्त अगदी कडेला, नखाच्या कोरीएवढी पिवळट चमक होती. पाण्यात तेल पडल्यावर दिसते तशी. मी तुला ती दाखवली. राळ सुटायला लागली आहे, म्हणालो. तू डोळा बारीक करून बघितलंस आणि म्हणालास, "कड हाय ती. कडेनं कुनी बघत न्हाई."

ते खरं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्या भिंगाचं तोंड तू सुईच्या नाकाएवढं बारीक ठेवायचास, म्हणजे उजेड मधल्या चांगल्या काचेतूनच जावा. त्यामुळं फोटोला वेळ मात्र फार लागायचा. तोपर्यंत माणसांनी हलायचं नाही. "देवाम्होरं खोटी शपत घेतल्यावानी उभं ऱ्हावा," असं तू सांगायचास आणि लोक खरोखरच तसे उभे राहायचे. कोंबड्या राहायच्या नाहीत. तुझ्या सगळ्या फोटोंत ओट्याखाली एक पांढरा पुसट फराटा आहे, ती कोंबडी.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर अंतर जुळवायचं यंत्र होतं. त्यातून बघितलं की एका खांबाचे दोन खांब दिसतात. चाक फिरवत ते एकावर एक आणायचे, मग समोरची वस्तू किती लांब आहे ते आकड्यावर कळतं. मला त्याचं वेड लागलं होतं. मी सारखा चाक फिरवत बसायचो. तू म्हणायचास, "ह्या काचेला ते लागत न्हाई, मास्तर. ती जवळचं-लांबचं करीत न्हाई. समद्यांना सारखंच बघती." मी म्हणायचो, नेमकं मोजून घेतलेलं केव्हाही चांगलं. "मोजा," तू म्हणायचास, "तवर मी फोटू काढून घेतो."

एक एक करत गावातली घरं झाली. फक्त दोन राहिली. एक तुझं. "आपलं कवाबी व्हईल," म्हणून तू ते मागं ठेवत गेलास. दुसरं शेजारचं, तुझे चुलते बाळकूतात्या यांचं.

तात्यांशी तुमच्या घराचं मधल्या भिंतीवरून भांडण होतं, हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक आहे. भिंत कुणाची, हे तुझ्या वडिलांच्या वेळेपासून ठरलेलं नाही. दरवर्षी दोघंही ती आपली म्हणून सारवतात, अर्धी रात्रीतून पुन्हा दुसऱ्याच्या रंगाची होते. पण फोटोला तात्या नाही म्हणाले ते भिंतीपायी नव्हे. तात्या धरणाचं काम अडवायला जाऊन बसलेल्या माणसांतले. मुसळधार पावसात बसले, फटके खाल्ले, तुरुंगात जाऊन आले. तू कॅमेरा घेऊन त्यांच्या पायरीपाशी गेलास तेव्हा मी तुझ्या मागं कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं धरून उभा होतो. ते बसलेल्या जागेवरून उठलेही नाहीत.

"मेलेल्याचा फोटू काडत्यात, हैबती. मरनाराचा न्हाई. तू घराचा फोटू काडलास म्हंजी ते बुडायला आमी हुकार दिला."

"तात्या, न्हाई काडला म्हून पानी थांबनार हाय का?"

"न थांबू दे. पर माझ्या तोंडातनं व्हय गेलं न्हाई, येवढं तर ऱ्हाईल?"

परत येताना तू कॅमेरा काखेत धरून पुढं चाललास. ओढ्यावर आल्यावर म्हणालास, "म्हातारं खरं बोलतंय का काय, मास्तर?" मी उत्तर शोधत राहिलो. तसे प्रश्न तू मला फार विचारत नव्हतास. मी अजून शोधतो आहे.

मग तुझा ताप. मी आलो तेव्हा तू भिंतीला टेकून बसला होतास, डोळे खोल गेलेले. आजाराचं एक अक्षर बोलला नाहीस. "दोन ऱ्हायल्यात," एवढंच. मी म्हणालो, भिंग पुण्याला पाठवू, राळ नवी घालून आणू, तोवर तू बरा होशील. तू म्हणालास, "पुन्याचा मानूस चार म्हयनं लावतुया. पानी लावील का चार म्हयनं?" आणि दमून डोळे मिटलेस. मला अजून सांगायचं होतं. भिंगाचं नव्हे. काय ते आता नेमकं सांगता येत नाही. तुझ्याकडून सुरुवात झाली असती तर माझ्याकडून निघालं असतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघायला लागलो, तर वहिनींनी शिंकं खाली ओढलं, फडकं सोडलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. ते कोमट होतं.

"नांद्याहून माझं भाऊ येनार हायेत. कौलं, वासं उतरवून न्यायचं ठरलंय. घर उभं हाय तवर काडा, भावजी."

मी ते दाराशी नेऊन उजेडात बघितलं. नखाची कोर राहिली नव्हती, चांगली चंद्रकोर झाली होती, कडेपासून आत आलेली. मी म्हणालो, वहिनी, हे असं चालायचं नाही, मी पुण्याहून कुणाचं तरी चांगलं भिंग मागून आणतो. त्यांनी विचारलं, "कवा?" मी म्हणालो, पंधरवड्यात. त्या म्हणाल्या, "तवर वासं बैलगाडीत असतील. त्यांनी ह्याच काचंनं गाव काडलं. घर काय त्याच्याहून म्होटं हाय?"

मी काढला, हैबती. समोरच्याच्या भिंतीला पाठ लावून तिकाटणं रोवलं. खांबाचे दोन खांब एकावर एक आणत मी बराच वेळ चाक फिरवत बसलो. वहिनी दारात उभ्या राहून शेवटी म्हणाल्या, "भावजी, ते मोजायचं न्हाईत." मग मी ते सोडून दिलं. त्यांना बाजूला सरकायला सांगितलं तर त्या सरकेनात. "कडेला मानूस फुगतं, असं ते म्हनायचं. मला मदीच ऱ्हाऊ द्या." बोळात बायका होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. शपथ घेतल्यासारख्या उभ्या राहिल्या. मी झाकण काढलं आणि मनात आकडे म्हणत असताना मध्येच चुकलो, कारण मला तुझ्या आवाजात आकडे ऐकायची सवय आहे.

फोटोची काच धुतली ती तुझ्या गोठ्यातच, फटींना गोणपाट लावून, लाल कंदील टांगून. तुझ्याबरोबर इतक्यांदा बसलो होतो, म्हणून क्रम ठाऊक होता. वहिनींनी पाणी ओतलं. आधी आढं आलं, मग कौलं, मग दार. घर आलं, हैबती. आढ्यापासून पायरीपर्यंत, जात्याच्या खुंट्यासकट. फक्त डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत काळपट पडदा होता. कागदावर उन्हात उतरवलं तेव्हा त्याचं पांढरं धुकं झालं. राळ सुटली होती आणि तिथून उजेड पसरला होता. मी म्हणत होतो ते बरोबर होतं. इतक्या वर्षांनी पुरावा हातात होता, आणि तो दाखवायला तू नव्हतास. मी तो कागद धरून गोठ्याच्या दारात उभा राहिलो आणि मला तुझा इतका राग आला की काही वेळ मला दिसेना.

वहिनींनी फोटो घेतला. पुष्कळ वेळ बघितला. दारावरून, ओट्यावरून बोट फिरवलं. मी म्हणालो, "डावीकडं खराब झाला आहे."

त्यांनी नीट बघितलं. "तितं तर तात्यामामंजींकडली भिंत हाय," त्या म्हणाल्या. "ती न्हाई आली तर कुनाचं अडलंय?"

तात्या आपल्या ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. काठी टेकत आले. वहिनींनी पदर पुढं ओढला आणि पाठ फिरवली. तात्यांनी कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला.

"माझी भिंत कुटं हाय?"

मी राळेचं सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

"मास्तर, भिंत कुटं हाय माझी? ह्यात तर हैबतीचं घर आन त्याच्या बाजूला आभाळ. उद्या कुनी म्हनंल, हितं बाळकू ऱ्हातच न्हवता."

वहिनी पाठमोऱ्याच बोलल्या, भिंतीकडं तोंड करून. "भावजी, त्यांना सांगा, ऱ्हात व्हते म्हनायला फोटू काडू द्याया पायजे व्हता."

"तिला सांगा, त्वांड सांभाळून बोल."

"त्यांना सांगा, मी भिंतीसंगं बोलतीया. आमच्या भिंतीसंगं."

"आमच्या?" तात्या म्हणाले. कागद त्यांनी पुन्हा डोळ्यांजवळ धरला. मी त्यांच्याकडं बघत होतो, म्हणून मला दिसलं की त्यांचा राग मध्येच कुठं तरी सुटून गेला. ते फोटोतल्या तुझ्या दाराकडं आणि त्याच्या शेजारच्या धुक्याकडं बघत राहिले.

मग म्हणाले, "माझं बी काडा."

"कसं काढू?" मी विचारलं.

"माझ्या पायरीपासनं. भिंतीसकट. आन ते धुकं हैबतीच्या अंगाला जाऊ द्या, माझ्याकडं न्हाई."

भिंग ज्या लाकडी फळीवर तू बसवलं आहेस ती खालची कड वर करून बसवली की धुकं दुसऱ्या अंगाला जातं. हे मी त्यांना सांगितलं. वहिनींच्या पाठीवरून मला कळलं की त्या हसतायत. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच.

तात्या जाताना थांबले. "पानी आलं तरी भिंत माझीच," म्हणाले, आणि काठी त्या भिंतीवर आपटून गेले.

हे सांगायला मी बसलो होतो, आणि त्याला अर्धा दिवस निघून गेला. मला चैन पडत नाही, हैबती. तू वर्षभर ज्यांच्या पायरीपाशी गेलास आणि परत आलास, ते तुझ्या स्वस्तात मिळालेल्या, चुलीवर भाजलेल्या काचेच्या एका खोडीनं कबूल झाले. तू असतास तर गाव डोक्यावर घेतलं असतंस. पण मला राहून राहून वाटतं, तात्यांनी त्या दिवशी होकार दिला तो फोटोला की पाण्याला? तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडून जे निघालं नव्हतं, ते आपण काढून घेतलं का? ओढ्यावर तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता मला एकट्याला द्यायचं आहे, आणि ते द्यायला मला ते घर काढावं लागणार आहे. नाही काढलं तर ते दिसणार नाही. काढलं तर ते बुडणार, हे मीच लिहून दिल्यासारखं होईल. पण म्हाताऱ्यानं मागितलं आहे. मागितलेलं नाही कसं म्हणायचं?

भिंग पौडाला न्यायला मी मागितलं, तर वहिनींनी दिलं नाही. "डोंगराव खोप बांधलीया, तितं चूल मांडलीया. तितंच ऱ्हाईल. तुमी या, काडा, परत आनून द्या." डब्याचं आणि चुन्याचं मी बोललोच नाही. कोर वाढतेच आहे. तात्यांचं घर होईपर्यंत ती मध्ये येऊ नये. त्यापुढं किती टिकेल ते मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नव्हतं. तू फक्त माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलायचास. तुझं ते मोठ्यानं बोलणं मला फार पुरलं आहे. ते कधी सांगितलं नाही.

तात्यांनी नवं धोतर काढून ठेवलं आहे म्हणून निरोप आला आहे. पश्चिमेला मघाशी नव्हता तसा एक ढग आहे, लहान आहे. मी आता उठतो. आत्ता निघालो तर सूर्य त्यांच्या पायरीवर असेतो पोचेन. बसून तुझ्याशी बोलत राहिलो तर उजेड जाईल.